नेसायला शिकवणारी शाळा

मराठीत सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि साडी नेसतात. जपानी किमोनोसाठी यातले कोणते क्रियापद वापरावे? आम्हाला 'नेसणे' हेच बरोबर वाटते. किमोनो शिवलेला असतो, त्याला बाह्याही असतात. पण बटण, हूक, चेन असे काही नसते. अंगात चढवला की खरे काम तेथून सुरू होते.

हे काम शिकवणाऱ्या स्वतंत्र शाळा आज जपानमध्ये आहेत. या विद्येला 'कित्सुके' म्हणतात. बायका फी भरून, महिनोन् महिने सराव करून आपल्याच देशाचा पोशाख नेसायला शिकतात. वाचक भगिनींना याचे नवल वाटेल. आजी-पणजी जे रोज पहाटे करत होत्या, त्यासाठी शाळा कशाला लागावी?

आधी किमोनो समजून घेऊ. साधारण 36 ते 38 सेंटिमीटर पन्ह्याचा आणि 12 मीटरच्या आसपास लांबीचा एक तागा घेतात. त्याच्या सरळ पट्ट्या कापून त्या जोडतात. गोलाई नाही, त्यामुळे कापड वाया जात नाही. जुन्या पद्धतीत तर शिवण उसवून, पट्ट्या धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवत. हा पोशाख अंगाच्या मापाने बेतलेला नसतो, म्हणून तो अंगाला नीट बसवण्याचे काम नेसणारीच्या हातांवर येते. बाईचा किमोनो लांबीला जास्त असतो. जास्तीचे कापड कमरेशी दुमडून घेतात, त्या दुमडीला 'ओहाशोरी' म्हणतात. याच सोयीमुळे आईचा किमोनो मुलीला आणि पुढे नातीलाही नेसता येतो. नेसण्याची कला मात्र कपाटातून आपोआप मिळत नाही.

क्रम असा असतो. आधी पांढरे मोजे, मग आतले कपडे, त्यावर किमोनो. पाठीची शिवण मधोमध आणायची. घेर घोट्यापर्यंत उचलायचा. डावा पदर एकदा उजव्या कमरेपर्यंत आणून अंदाज घ्यायचा आणि पुन्हा उघडायचा. मग उजवा पदर आत, डावा त्यावर. कमरेला दोरी बांधायची. काखेखालच्या फटींतून हात घालून ओहाशोरी सारखी करायची. मानेमागे गळपट्टी मूठभर मोकळी ठेवायची. पुन्हा दोरी, त्यावर पट्टा.

डावी बाजू वर, हा नियम कधी मोडत नाहीत. इसवी सन 719 मध्ये राजाज्ञेनेच तो ठरवून दिला होता. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मृताला शेवटचा पोशाख चढवताना. त्यामुळे एखाद्या मुलीने आरशासमोर गोंधळून उलटे नेसले, तर घरातले वडीलधारे दचकतात.

शेवटी ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा. समारंभाचा ओबी चार मीटरहून लांब असतो आणि त्याची गाठ येते पाठीवर, जिथे आपली नजर पोहोचत नाही. सगळे काम बोटांनी चाचपून करायचे. म्हणून नवशिक्या बायका गाठ पुढे बांधून मग पट्टा मागे फिरवतात. तोही उजवीकडूनच फिरवायचा, नाहीतर पदर सुटतो. ही अडचण एका शिक्षिकेने ओळखली. नागोया शहरात मुलींची शाळा चालवणाऱ्या हारुको कोशिहारा यांनी आखूड आणि आधीच दुमडून शिवलेला ओबी तयार केला, असे मानले जाते. 'नागोया ओबी' आजही सर्वाधिक वापरातल्या ओबींपैकी एक आहे. याच बाई 1946 च्या निवडणुकीत जपानच्या संसदेवर निवडून गेल्या. तेथील स्त्रियांनी मतदान केलेली ती पहिली सार्वत्रिक निवडणूक.

मग ही विद्या घरातून गेली कशी? पुरुषांनी पाश्चात्त्य पोशाख आधी उचलला. सरकारी अधिकाऱ्यांना तर 1872 मध्येच तसा आदेश निघाला होता. बायकांनी किमोनो बराच काळ टिकवला. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली. सलवारीसारखा सैल 'मोंपे' घालून बायका शेतात, कारखान्यात राबल्या. युद्धानंतर कारखान्यात शिवलेले स्वस्त कपडे आले. कोणी बंदी घातली नव्हती. फक्त आईने रोज नेसणे सोडले आणि मुलीने ते पाहणे थांबले. 1960 च्या दशकात देशाला बरे दिवस आले, पेट्यांतले किमोनो बाहेर निघाले. तेव्हा कळले की तरुण बायकांच्या हातांना ते ठाऊकच नाही. कित्सुकेच्या शाळा वाढल्या त्या याच काळात.

आजही जानेवारीत दुसऱ्या सोमवारी, वयात आल्याच्या सणाला, मुली लांब बाह्यांचे किमोनो नेसतात. त्यांतल्या बहुतेकींना पहाटे उठून पार्लरमध्ये जाऊन दुसऱ्याकडून नेसवून घ्यावे लागते. तयार गाठीचे ओबी आणि दोन तुकड्यांचे किमोनोही बाजारात मिळतात. आपल्याकडची शिवलेली नऊवारी त्यांची धाकटी बहीणच म्हणावी. घाईत त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही.

पण आम्हाला त्या शाळांचा एक क्रम फार आवडला. आधी 'जिसो', म्हणजे स्वतःचे स्वतः नेसणे. त्यानंतरच 'तासो', म्हणजे दुसऱ्याला नेसवणे. सुरुवात सुती, साध्या 'युकाता'पासून. 2012 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर जपानी माध्यमिक शाळांतल्या गृहविज्ञानाच्या तासालाही हे शिकवण्याची मुभा दिली आहे.

आम्हा शिक्षकांकडे पाचवीत पोहोचूनही बुटाची नाडी बांधता न येणारी मुले दरवर्षी येतात. ती मंद नसतात. सकाळच्या घाईत अम्मीने किंवा दादीने ती रोज बांधून दिलेली असते. प्रेमापोटीच, पण त्या प्रेमात मुलांच्या हातांना संधी मिळत नाही. कुरत्याची गुंडी शिवणे, नाडा ओवणे, पोळीची कणीक मळणे, साडीच्या निऱ्या घालणे, उर्दूचे सुबक अक्षर काढणे, या साऱ्यांचे तसेच होऊ शकते. पुढच्या पिढीला ते शिकावेसे वाटेल, तेव्हा क्लास शोधावा लागेल आणि शिकवणारी दादी जवळ नसेल.

म्हणून या महिन्यात घरात एकच गोष्ट करून पाहा. रोज तुम्ही मुलाला किंवा मुलीला करून देता असे एखादे काम निवडा. पहिले दोन दिवस सावकाश करून दाखवा, नंतर हात मागे घ्या. उशीर होईल, वाकडेतिकडे होईल, तुमचे हात शिवशिवतील. त्यासाठी सकाळी दहा मिनिटे लवकर उठा.