कलम ३९ कुणी वाचायचे?



'गांजाच्या खटल्यांत वकीलच आरोपींना सोडवतात' असा सूर लावणारे पत्र वाचले. चीड समजते, पण नेम चुकला. जामीन मागणे हे वकिलाचे कामच आहे. जाब विचारायचाच तर हा विचारा: अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा, १९८५ चे कलम ३९ आम्ही वकील किती वेळा वापरतो? सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (गांजा असेल तर एक किलोपर्यंत) दोष सिद्ध झालेल्या व्यसनीला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, सरकारमान्य ठिकाणी उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या कोर्टांत तसा अर्ज करायला आम्हाला कुणी अडवलेले नाही. तारखा घेण्यात मात्र आम्ही पटाईत!

दारूचेही तेच. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला, तर परवान्याचे दुकान बंद होते. पण आपल्याकडे नावे यादीत आणि बाया ऊसतोडीला कारखान्यावर. हंगामात मतदान ठेवू नका, हा अर्ज लिहायला वकील हवा. विधी सेवा प्राधिकरणाकडून तो महिलांना मोफत मिळतो, उत्पन्नाच्या अटीशिवाय.

– एक वकील, अंबाजोगाई