हवेची आरंभीची शिल्लक

मोटारीचे टायर सारखे झिजावेत म्हणून साधारणतः आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करतात. काम अर्ध्या तासाचे. परंतु हवा कमी झाल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेस ती अदलाबदल आपोआप कळतेच असे नाही.

काही गाड्यांत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. त्याची नवी जागा नोंदली गेली नाही, तर मागच्या चाकातील तूट पुढच्या चाकाच्या खात्यावर दिसते. ही नोंद काही गाड्या धावताना स्वतःच करतात, काहींना वर्कशॉपमधील उपकरण लागते.

इतर गाड्यांत असा सेन्सर नसतो. हवा उतरलेले चाक किंचित लहान होते व अधिक फेरे घेते. एबीएसच्या आधारे यंत्रणा ते ओळखते. येथे घरच्या घरी रीसेट करता येते, आणि घोटाळाही येथेच होतो. रीसेट करतेवेळचा दाब यंत्रणा योग्य मानते. हवा न तपासता बटण दाबणे म्हणजे आरंभीची शिल्लकच चुकीची ओढणे! पुढे मेळ बिनचूक दिसतो, दिवा लागत नाही. आणि सहकुटुंब प्रवासात कमी हवेचे चाक महामार्गावर तापत राहते.

म्हणून गाडी तीन तास उभी राहिल्यावर, थंड टायरमध्ये, चालकाच्या दाराजवळील पट्टीवरील मापाने हवा भरावी. पुढची-मागची मापे भिन्न असल्यास चाकाची नवी जागा पाहावी. मगच पुस्तिकेप्रमाणे रीसेट करून गाडी काही काळ चालवावी. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेतील बिघाड दर्शवितो.