मे महिन्यातला खोकला

एप्रिल-मेच्या ओपीडीत उलट्या-जुलाब, लघवीची जळजळ आणि ‘ऊन लागलं’ म्हणणाऱ्यांच्या गर्दीत एक रुग्ण हमखास असतो. ताप नाही, घसा जवळजवळ स्वच्छ, छाती स्टेथोस्कोपला मोकळी. पण कोरडा खोकला थांबत नाही आणि ‘डॉक्टर, श्वास पूर्ण घेताच येत नाही, मधेच अडतो’ ही तक्रार. आपण केसपेपरवर ‘ॲलर्जिक’ लिहितो, सिरप देतो, कधी सवयीने अँटिबायोटिकही. दुपारी तो कुठे असतो, हे विचारायचे राहून जाते. या अंकात त्याच्याबद्दल बोलायचे आहे, कारण त्याच्या खोकल्यामागे जमिनीलगतचा ओझोन असू शकतो आणि उष्णतेच्या लाटेत तो वायू जोमाने तयार होतो.

ओझोन कुठल्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, वीजकेंद्रे आणि जनरेटर यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, शिवाय पेट्रोल, रंग, थिनर, जळता कचरा यांतून येणारी सेंद्रिय वाफ यांच्यावर ऊन पडले की तो हवेतल्या हवेत बनतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडले. लाटेच्या दिवसांत या रसायनाला चारी बाजूंनी बळ मिळते. पेट्रोलची वाफ जास्त उडते. नीलगिरी, बांबू अशी झाडे उष्णतेत आयसोप्रीन जास्त सोडतात. थंड हवेत नायट्रोजनच्या ऑक्साइडला धरून ठेवणारे पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट गरम हवेत लवकर फुटते आणि तो ऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. पाने एरवी पर्णरंध्रांवाटे ओझोन शोषून घेतात. पाण्याचा ताण पडला की ती रंध्रे मिटतात आणि हा निचराही बंद होतो. त्यात वारा पडला तर बनलेला वायू तिथेच साचतो. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यातून वणवे लागतात. तो धूर धूलिकण तर वाढवतोच, ओझोनचा कच्चा मालही पुरवतो.

नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांसाठी एक पुस्ती. पारा चढत गेला की ओझोनही त्याच प्रमाणात चढत जातो असे नाही. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण ३९ अंशांच्या पुढे ही वाढ मंदावलेली दिसली. तेव्हा ४५ अंशांच्या दुपारी ओझोन ४० अंशांपेक्षा जास्तच असेल, असे गृहीत धरू नये.

युरोपात २००३च्या उन्हाळ्यात ७०,००० हून अधिक जादा मृत्यू झाले. ते उष्णतेचे बळी म्हणून मोजले गेले आणि ते चूक नव्हते. पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या जादा मृत्यूंपैकी २१ ते ३८ टक्के ओझोन आणि धूलिकणांमुळे असावेत, असा अंदाज पुढे आला. फ्रान्समधल्या नऊ शहरांच्या अभ्यासात उष्णता आणि ओझोन यांच्या एकत्रित परिणामातला ओझोनचा वाटा बोर्दोमध्ये ३ टक्क्यांहून कमी, तर तुलूझमध्ये ८५ टक्के निघाला. एकाच देशातल्या, एकाच लाटेतल्या शहरांत एवढा फरक असेल तर युरोपातली टक्केवारी उचलून पुण्याला लावणे हा आळस ठरेल. इथला वाटा इथल्याच नोंदींतून काढावा लागेल, आणि त्या नोंदींची सुरुवात आपल्या केसपेपरपासून होते.

आता छातीकडे. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, म्हणून नाक-घशातच बराचसा अडतो. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. तो थेट लहान श्वासनलिका आणि वायुकोशांपर्यंत उतरतो. तिथे पेशींना इजा होते, न्यूट्रोफिल गोळा होतात आणि संवेदी चेतातंतू चाळवले जाऊन खोल श्वास आपोआप आखडतो. ‘श्वास मधेच अडतो’ हे रुग्णाचे वर्णन म्हणूनच अचूक असते. निरोगी माणसात हे मुख्यतः श्वासनलिका आकुंचन पावल्यामुळे घडत नाही, त्यामुळे साल्ब्युटामॉलने त्याला फारसा आराम पडत नाही. दमेकऱ्याचे निराळे. त्याचा दाह आधीपासूनच असतो आणि अटॅक दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. आणखी एक फसवी गोष्ट: सलग काही दिवस ओझोन अंगावर घेतला की त्रास जाणवेनासा होतो, पण आतली इजा पूर्ण थांबलेली नसते. चौथ्या दिवशी ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारा गवंडी बरा झाला, असे समजू नये.

हवेचा निर्देशांक पाहून सल्ला देणाऱ्यांनी तो काढतात कसा, हेही पाहावे. किमान तीन प्रदूषकांची आकडेवारी असली, आणि त्यांत धूलिकणांचा एक आकडा असला, की निर्देशांक काढता येतो. म्हणजे ओझोन न मोजताही केंद्र ‘हवा समाधानकारक’ सांगू शकते. ओझोनसाठी आपले मानक आठ तासांच्या सरासरीला १०० आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ॲपवरचा हिरवा-पिवळा रंग न पाहता हा आकडा शोधावा. केंद्र भर चौकात असेल तर आणखी सावध राहावे. वाहनांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेने शहराबाहेर, जिथे वर्दळ कमी आणि आभाळ स्वच्छ निळे, तिथे तो जास्त भरतो. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी हा शहराचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये.

थंडीत आपण दमेकऱ्यांना सकाळचे फिरणे टाळायला सांगतो, कारण धूर आणि धुके जमिनीलगत दबलेले असतात. तोच सल्ला मे महिन्यात उलटा पडतो. ओझोन पहाटे सर्वांत कमी, दुपारी एक ते चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि शहराबाहेर संध्याकाळीही रेंगाळतो. उन्हाळ्यात फिरणे, मैदानावरचा सराव, शाळांची शिबिरे सकाळीच हवीत. मास्कचा उपयोग सांगू नका. एन-९५ धूलिकण अडवतो, वायू नाही. खिडक्या बंद ठेवण्याचा सल्ला एसी असलेल्या घरापुरता ठीक. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला तो देणे धोक्याचे आहे, कारण त्याला आधी उष्णता मारेल. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो, म्हणून ओझोनपासून तो वाचवत नाही, तरीही तो चालू ठेवायलाच सांगावे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती सिरपची. खोकल्याच्या अनेक मिश्रणांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असते. या औषधांनी घाम कमी होतो. ज्याला दुपारी पुन्हा स्लॅबवर किंवा वीटभट्टीवर जायचे आहे, त्याच्या शरीराची थंड होण्याची वाट आपणच अरुंद करतो, शिवाय झापड येते ती वेगळी. खोकला थोडा सहन करावा लागला तरी चालेल, पण मे महिन्यात अंगमेहनत करणाऱ्याला हे सिरप देताना हात आखडता घ्यावा. वयस्क रुग्ण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर आणखीच. दमेकऱ्यांचा रोजचा स्टेरॉइडचा पंप ‘उन्हाळ्यात त्रास नसतो’ म्हणून बंद केलेला असतो. तो चालू आहे का, हे विचारा, आणि गाडीच्या डिकीत तापत तर पडलेला नाही ना, हेही.

केसपेपरवर दोन ओळी वाढवाव्यात: दुपारी बारा ते पाच रुग्ण कुठे होता, आणि तिथे काय काम करत होता. ओझोनचा डोस हवेतल्या प्रमाणाइतकाच श्वासाच्या वेगावर ठरतो. डोक्यावर घमेले घेऊन चढणारा आणि झाडाखाली बसलेला, दोघे एकाच हवेत असूनही सारखा डोस घेत नाहीत. उन्हाळ्यातल्या अशा रुग्णांच्या नोंदी, नाव-पत्ता वगळून, जूनअखेरपर्यंत संपादकांकडे पाठवाव्यात. जवळच्या केंद्रावरचे ओझोनचे आकडे उपलब्ध असतील तिथे ते शेजारी ठेवून आम्ही त्या छापू.