माझगावची तुटलेली आवक

पाणबुड्यांच्या पुढच्या कराराची आणखी एक बातमी ‘लवकरच’ या शब्दावर येऊन थांबली. सहा पाणबुड्या, माझगाव डॉक आणि जोडीला जर्मनीची टीकेएमएस, हा तपशील वाचकांना एव्हाना पाठ झाला असेल. चर्चा होते ती किमतीची आणि देशी हिश्शाची. ज्या गोष्टीची व्हायला हवी ती मार्केट यार्डातला कुणीही आडत्या सांगेल: पेठ आवकेवर जगते. गाळा जागेवर असतो, काटाही असतो, पण आवक तुटली की तोलणार दुसरं काम बघतो आणि गाडीवाला दुसरी पेठ धरतो. आपण माझगावची आवक एकदा तोडली आणि आता दुसऱ्यांदा तोडतो आहोत.

पहिल्या वेळची किंमत किती होती, हे दक्षिण कोरियाकडे पाहिल्यावर कळतं. कील शहरातल्या एचडीडब्ल्यू गोदीशी आपला करार डिसेंबर १९८१चा. दोन पाणबुड्या तिथे बांधून घ्यायच्या आणि दोन मुंबईत बांधायच्या, असं ठरलं. माझगावची माणसं जर्मनीत शिकून आली आणि त्यांनी शल्की व शंकुल उभ्या केल्या. १९९२ आणि १९९४ साली त्या नौदलात दाखल झाल्या. दरम्यान १९८७ मध्ये दलालीच्या आरोपांचं वादळ उठलं आणि पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या. त्याच १९८७ साली, त्याच गोदीशी कोरियाने करार केला. पहिली पाणबुडी कीलमध्ये झाली, बाकीच्या देवू कंपनीने ओक्पो इथे बांधल्या. वर्ग आपल्यामागून सुरू झाला, पण कोरियाने तो बंद पडू दिला नाही. नऊ झाल्यावर पुढच्या पिढीच्या आणखी नऊ आल्या. २०११ मध्ये इंडोनेशियाने तीन मागवल्या. २०२१ मध्ये त्यांनी स्वतः आराखडा केलेली तीन हजार टनी पाणबुडी नौदलात आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडाने आपल्या पाणबुड्यांसाठी दोनच कंपन्या निवडल्या. एक टीकेएमएस, म्हणजे कीलच्या त्या गोदीची वारस. दुसरी हानव्हा ओशन, म्हणजे कालची देवू. शिष्य गुरूसमोर स्पर्धेला उभा आहे. आणि कोरियाच्या सहा वर्षं आधी धडे घेतलेले आपण त्याच गुरूच्या दारात पुन्हा पहिल्या धड्यासाठी उभे आहोत. शंकुलनंतर माझगावची पुढची पाणबुडी म्हणजे स्कॉर्पीन वर्गातली पहिली, कलवरी. ती आली २०१७ साली. मध्ये तेवीस वर्षं गेली.

यावर सांगितलं जातं की कोरियाचा जहाजबांधणी उद्योग अवाढव्य आहे, व्यापारी जहाजांच्या मागण्यांवर त्यांच्या गोद्या तगतात. खरं आहे. पण माझगावही त्या काळात रिकामी नव्हती; दिल्ली वर्गाच्या विनाशिका तिथेच बांधल्या गेल्या. कुणाची नोकरी गेली नसेल, हातची सवय मात्र गेली. पाणबुडीचं दाब झेलणारं कवच जोडताना जाड, खास पोलाद आधी ठरावीक तापमानाला आणावं लागतं, गोलाई मिलिमीटरमध्ये राखावी लागते आणि सांध्यांची क्ष-किरण तपासणी होते. विनाशिकेवर कितीही वर्षं काढली तरी हा हात तयार होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भ्रष्टाचाराचे आरोप असताना काम चालू कसं ठेवायचं? आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, दोषींना शिक्षाही. पण ती शिक्षा गोदीतल्या वेल्डरने का भोगावी? अरिहंतचं उदाहरण देऊन कौशल्य टिकलंच होतं असंही म्हणतात. अणुपाणबुडीचं काम थांबलं नाही, म्हणूनच एलअँडटीची हझिरा आणि आपल्या इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज तयार झाल्या. हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

मग ही हातची सवय टिकवायची कशी? इथे मी हमालांचा माथाडी कायदा आणणार. १९६९च्या या कायद्याने हमालाची नोंद व्यापाऱ्याकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. व्यापारी बदलला तरी हमालाचा भविष्यनिर्वाह निधी तुटत नाही. पाणबुडीच्या वेल्डरांची आणि तपासनिसांची अशी एक सामायिक नोंद का असू नये? माझगावात काम नसेल तेव्हा हझिरा, तिथे नसेल तेव्हा विशाखापट्टणम. अर्थात नोंद म्हणजे आवक नव्हे. त्यासाठी एक तरी कवच सतत कामावर हवं, मग ते आणखी तीन स्कॉर्पीनचं असो की नव्या सहांपैकी पहिलीचं.

हे निकडीचं आहे ते अंबरनाथमुळेही. तिथल्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधनघटावर चालणारी, पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली ठेवणारी यंत्रणा एलअँडटी आणि पुण्याच्या थरमॅक्सच्या साथीने तयार केली. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली, डिसेंबर २०२४ मध्ये माझगावशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. ही यंत्रणा बसवायची म्हणजे तयार पाणबुडी मधोमध कापायची, नवा तुकडा घालायचा आणि कवच पुन्हा सांधायचं. ते कोण सांधणार? सहावी स्कॉर्पीन वागशीर जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली, म्हणून माझगावच्या कामातला हा दुसरा खंड तेव्हापासून मोजला जातो. पण ती पाण्यात उतरली २० एप्रिल २०२२ला, आणि कवचाचे सांधे त्याआधीच पुरे झाले होते.