किल्ली कोणाच्या कनवटीला?

हल्ली सुशिक्षित घरांतून एक नवीच रड ऐकू येते. "पोरांनी संगणकावर ते टॉरेंट की काय बसवलंय हो! यंत्र नुसतं कण्हतंय. यांना आवरायचं तरी कसं?" तक्रार करणारे वडील चांगल्या हुद्द्यावर असतात, आई त्यांच्याहून दोन परीक्षा अधिक उत्तीर्ण झालेली असते, आणि दोघांचाही ठाम समज असा, की हा सारा दोष मुलांचा, नाहीतर काळाचा. माझे म्हणणे साधे आहे, पण पुष्कळांना कडू लागेल. हा दोष घरातल्या वडीलधाऱ्यांचा आहे.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. १९९९ साली नॅपस्टर आले. त्याच्यामागून काझा, लाइमवायर अशी भावंडे आली. नॅपस्टर २००१ साली आणि लाइमवायर २०१० साली अमेरिकेतील न्यायालयांच्या आदेशांमुळे बंद पडले. २००१ साली निघालेली टॉरेंटची तऱ्हा मात्र आजही जोरात आहे. मुलाला वाटते, आपण फक्त सिनेमा उतरवून घेतो. पण टॉरेंट नुसते घेत नाही. हाती आलेला तुकडा ते लगोलग अनोळखी माणसांना वाटूही लागते. म्हणजे चिरंजीव दिवाणखान्यात बसून दुकान मांडतात आणि पाटी असते तीर्थरूपांची, कारण इंटरनेटची जोडणी त्यांच्या नावावर! २००३ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी २६१ जणांवर दावे लावले, तेव्हा त्यांत न्यूयॉर्कची एक १२ वर्षांची मुलगी निघाली. तिच्या आईला २,००० डॉलर भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

मग उपाय काय? संगणकात खाती दोन तऱ्हांची असतात. एक कारभाऱ्याचे, ज्याला तिथे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणतात, दुसरे साधे. नवे काही बसवायचे, जुने काढायचे, हा अधिकार मुख्यतः कारभाऱ्याचा. आता आपल्या घरात पाहा! कारभाऱ्याचे खाते चौदा वर्षांच्या मुलाकडे, आणि वडील त्यालाच विचारतात, "बाळ, पासवर्ड काय रे ठेवलास?" का, तर "त्यालाच त्यातलं कळतं!" कपाट नीट लावता येते म्हणून आपण मुलाला तिजोरीची किल्ली देतो काय? मुलांना साधे खाते द्यावे, कारभाऱ्याचा पासवर्ड आपण ठेवावा आणि नवे काही हवे असल्यास त्यांनी विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे. ते न करता वर्षभर ओरडत बसणे याला मी धाक म्हणत नाही, आळस म्हणतो.

एवढ्याने सारे मिटेल, असा माझा दावा नाही. काही प्रोग्रॅम साध्या खात्यातही गुपचूप बसतात, आणि हुशार पोराला कुलपाभोवतीची वाट सापडतेच. कोणी म्हणेल, टॉरेंटने चांगली कामेही होतात. होतात! लिनक्ससारखी, ज्यांनी केली त्यांनीच मोकळी सोडलेली चीज त्या वाटेने राजरोस मिळते. माझा विरोध हत्याराला नाहीच. कोणती वस्तू मालकाने वाटायला ठेवली आहे आणि कोणती उचललेली आहे, एवढा विवेक मुलाला हवा. तो कोणी शिकवायचा?

इथेच आपली गाडी अडते. सोमवारी मुलावर डाफरणारे हेच वडील रविवारी म्हणतात, "अरे, तो नवा सिनेमा काढून दे की!" आणि मातोश्री? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी परंपरा घातली, तिचा त्यांना कोण अभिमान! पण अंक विकत घेतील तर शपथ. कोणीतरी पान न् पान टिपून केलेली फुकटची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि "संग्राह्य! पुढे पाठवा" अशा शेऱ्यासह चाळीस घरी जाते. लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, छापखान्यातला कामगार, यांची दिवाळी कशी होणार, याचा विचार कोण करतो? टॉरेंट याहून निराळे काय करते? मुलगा पाहतो, ऐकतो आणि घरचाच धडा जरा अधिक कुशलतेने गिरवतो.

"सगळेच विकत घ्यायला परवडते का?" असे विचारले जाईल. नाही परवडत. म्हणून तर वाचनालये आहेत, मित्रामित्रांत एक प्रत फिरवण्याची जुनी रीत आहे आणि 'या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात पाहू' हे शहाणपणही आहे. आपल्या आईवडिलांनी ते आपल्याला शिकवले. आपण मात्र मुलांना थांबायला शिकवायचे विसरलो.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे मांडण्यापूर्वी मुलांकडून ती किल्ली अवश्य मागून घ्या. मात्र घेण्यासाठी पुढे केलेला आपला हात आधी स्वच्छ आहे ना, तेवढे पाहा.