आधी वेग ठरवा

अंतराळावरचा खेळ रचायला बसलं, की पहिल्यांदा यानांची चित्रं निघतात. माझा आग्रह असा, की प्रवासाला किती दिवस लागतात आणि बातमीला किती, हे आधी ठरवा.

व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतं. त्या वेगानं ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा गाठायचा, तर सत्तर हजारांहून अधिक वर्षं हवीत. म्हणजे खेळात काहीतरी युक्ती काढावीच लागते. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात जवळची असो वा लांबची, एका उडीला साधारण आठवडा लागतो, आणि बातमीही यानातूनच जाते. मला हा नियम फार आवडतो. दूरच्या सुभेदाराला हुकमाची वाट पाहत बसता येत नाही; राजकारण तिथूनच सुरू होतं.

बीदर-कलबुर्गीच्या वाचकाला याचा नमुना घराजवळच सापडेल. बहमनी राज्यात सुलतान लांब, तरफदार म्हणजे प्रांतांचे सुभेदार शिरजोर. वजीर महमूद गवाननं चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाची माणसं नेमली. दुखावलेल्या सरदारांनी मोहर सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर गवानची मोहर उठवून घेतली आणि ओडिशाच्या राजाच्या नावे फितुरीचं पत्र रचलं. १४८१मध्ये गवानचा शिरच्छेद झाला.

आपल्या खेळात असंच एक मोहरबंद पत्र यानातून येऊ द्या. शहानिशा करायची तर एक आठवडा जायला, एक यायला. तोवर खेळाडूंनी काय करायचं, ते त्यांच्यावर सोडा.