मोठा गुणाकार शिक्षा म्हणून देऊ नये

आमच्या वर्गात दंगा झाला की शिक्षा ठरलेली. फळ्यावर सहा अंकी दहा गुणाकार पडतात आणि मधली सुट्टी जाते. गुरुजनांविषयी आदर ठेवूनच लिहितो, की ही शिक्षा बंद व्हावी. शिक्षाच नको असे माझे म्हणणे नाही. मैदान झाडू, झाडांना पाणी घालू. पण मोठी संख्या शिक्षेला जुंपली की मुलगा तिला भितो, आणि मग भितच राहतो. पाच अंक दिसले की पेन्सिल खाली ठेवणारी मुले आमच्याच वर्गात आहेत. ती काही ढ नाहीत.

आता ही संख्या पाहा : १,४२,८५७. दिसायला अगदी साधी. तिला २ ने गुणा, २,८५,७१४ येतात. ३ ने गुणा, ४,२८,५७१. असे ६ पर्यंत गुणत जा. तेच सहा अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात बदलते. जत्रेतला पाळणा फिरतो तसे. आणि ७ ने गुणले की एकदम ९,९९,९९९! खोटे वाटेल त्याने पाटीवर करून पाहावे. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

यात जादू नाही. १ ला ७ ने भागत गेले की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी येते. १ आली की पुन्हा पहिल्यापासून. भागाकारात १४२८५७ हेच अंक फिरत राहतात. २ ला किंवा ३ ला भागले तर त्याच फेरीत मधूनच शिरायचे, एवढेच.

या संख्येला आणखी दोन नावे लागू पडतात, आणि ती आपल्याकडच्या शिक्षकाने दिलेली आहेत. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवीत होते. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २७, आणि भागाकार बरोबर ५,२९१. दुसरे नाव ‘कापरेकर संख्या’. वर्ग करा : २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज घ्या, मूळ संख्या परत हजर! हा वर्ग हाताने करायला वेळ लागतो खरा, पण तो आम्ही तिघांनी मधल्या सुट्टीत आपणहून केला. कुणी शिक्षा केली नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी, की आठवड्यातून एक मोठी संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी आणि तिला गुण ठेवू नयेत. पहिल्या आठवड्यासाठी १ भागिले १३ घ्यावे. तिथे एकच फेरी होत नाही, ०७६९२३ आणि १५३८४६ अशा दोन टोळ्या पडतात. कोणती बाकी कोणत्या टोळीत जाते, ते ज्याने त्याने शोधावे.